गोठवलेला भ्रूण दत्तक घ्यायचा का? एक फादर नाही म्हणतात, दुसरे म्हणतात विचार कर

नंदाखालची_लेक | १७ ऑगस्ट, सकाळी ७:१०

इथे कॅथलिक सभासद बोटांवर मोजण्याइतके आहेत हे ठाऊक आहे, तरी मराठीतच लिहावंसं वाटलं. इंग्रजीत या विषयावर इतकं वाचून झालंय की आपलं स्वतःचं मत कुठलं आणि वाचलेलं कुठलं, हेच आता कळेनासं झालंय.

मी मूळची वसईची. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली सहा अमेरिकेत, ओहायोत गेली. मूल नाही. आयव्हीएफ (प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणं) आम्ही केलं नाही आणि करणारही नाही. ख्रिस्तसभा, म्हणजे आमचं कॅथलिक चर्च, त्याला मान्यता देत नाही, आणि आम्हा दोघांना तिची भूमिका पटते. (कृपा करून या एका वाक्यावरून वाद घालू नका. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.)

गेल्या महिन्यात एक बातमी सगळीकडे होती. २६ जुलै २०२५ ला एक बाळ जन्मलं, त्याचा भ्रूण १९९४ मध्ये गोठवलेला होता. तीस वर्षांहून जास्त काळ टाकीत. ज्या बाईंचा तो भ्रूण, त्यांची मुलगी त्याच खेपेतली, आज तिशीची. म्हणजे बाळाची सख्खी बहीण त्याच्या नव्या आईच्या वयाच्या आसपास! बाईंनी राहिलेले तीन भ्रूण टाकून दिले नाहीत, संशोधनाला दिले नाहीत, वर्षानुवर्षं भाडं भरत राहिल्या आणि शेवटी एका ख्रिस्ती दत्तक संस्थेमार्फत एका जोडप्याला दिले. जोडपं आमच्याच राज्यातलं.

रविवारी मिस्सा संपल्यावर पार्किंगमध्ये नवरा एवढंच म्हणाला, "आपण?"

मी आमच्या पॅरिशच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, फादरांना विचारलं. तरुण आहेत, अभ्यासू आहेत. ते म्हणाले, नाही. मग वसईला आमच्या फादरमामांना फोन लावला. (आईचे चुलतभाऊ, आता निवृत्त, ऐंशीच्या घरात.) ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "रोमनं दार लावून घेतलेलं नाही गं. पण ये म्हणून हाकही मारलेली नाही. तू विचार कर."

ख्रिस्तसभा एक, कागदपत्रं तीच, मग उत्तरं दोन कशी?

थंडपाणी | १७ ऑगस्ट, सकाळी ८:०२

नास्तिक आहे, तेव्हा मला शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहितो. आयव्हीएफ पाप, पण आयव्हीएफमधून उरलेलं चालेल? चोरीचा माल स्वस्तात घ्यायचा आणि वर म्हणायचं, मी थोडीच चोरी केली.

नंदाखालची_लेक | १७ ऑगस्ट, सकाळी ८:२५

शिव्या कशाला? आमच्या पॅरिशचे फादर साधारण हेच म्हणाले, फक्त जरा गोड शब्दांत. पण मला तिथेच अडायला होतं. चोरीचा माल म्हणजे घड्याळ असेल तर तुमचं बरोबर. चोरीला गेलेलं मूल असेल तर? ते कुणी आणलं, कसं आणलं हे विचारत दाराबाहेर उभं ठेवायचं का त्याला?

झगा_न_चढलेला | १७ ऑगस्ट, सकाळी ११:४०

ताई, माझं नाव वाचून कळलंच असेल. पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घेण्यात, चार वर्षं काढली, मग बाहेर पडलो, आता शाळेत शिकवतो. नीतिशास्त्राच्या तासाला हा विषय निघाला होता आणि आमचे सर वैतागून म्हणाले होते, या प्रश्नाला उत्तर असतं तर तो परीक्षेत आला असता.

आधी कागदपत्रांचं बघू, कारण दोन्ही फादर तेच वाचून बोलतायत.

१९८७ चा 'दोनुम विते', म्हणजे जीवनाची देणगी. हा रोमच्या विश्वास-सिद्धांत मंडळाचा दस्तऐवज, तेव्हा त्या मंडळाचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर होते. त्यात भ्रूण गोठवणं हाच मानवाचा अवमान ठरवलाय. आणि उरलेल्या भ्रूणांबद्दल एक विलक्षण वाक्य आहे. त्यांच्या वाट्याला अर्थहीन नशीब आलंय आणि त्यांना जगवण्याचा कुठलाही नीतीला धरून असलेला सुरक्षित मार्ग दिसत नाही, असा त्याचा आशय. कुणाला कळलं का? मंडळानं कागदावर हात टेकले आहेत. रोमच्या दस्तऐवजात असं क्वचित सापडतं.

मग १९९६. ब्रिटनच्या कायद्यात तेव्हा भ्रूण पाच वर्षंच ठेवायची मुभा होती. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला मुदत संपली आणि ज्यांच्या आईबापांनी काहीच कळवलं नव्हतं असे सुमारे ३,३०० भ्रूण नष्ट केले गेले. त्याआधी इटलीतल्या काही बायका पुढे आल्या होत्या की आम्ही ते पोटात वाढवतो. 'भ्रूण दत्तक' हा शब्द चर्चच्या चर्चेत खऱ्या अर्थानं आला तो १९९६ च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी २४ मे रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी शास्त्रज्ञांना आवाहन केलं की भ्रूण तयार करणंच थांबवा, कारण हजारो गोठलेल्या भ्रूणांसाठी नैतिक तोडगाच दिसत नाही.

आणि शेवटी 'दिग्नितास पेर्सोने', म्हणजे व्यक्तीची प्रतिष्ठा, त्याच मंडळाचा, २००८ चा. डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा १९ वा परिच्छेद म्हणजे तुमचा सगळा प्रश्न. तो चार पर्याय घेतो. संशोधनाला देणं: नाही. वितळवून, मृतदेहासारखं समजून वापरणं: नाही. मूल नसलेल्या जोडप्यांना वंध्यत्वावरचा उपाय म्हणून देणं: नाही, कारण दात्याचं बीज वापरणं आणि भाडोत्री गर्भाशय ज्या कारणांनी चूक, त्याच कारणांनी हेही चूक. चौथा पर्याय, निव्वळ त्या जिवाला जन्माला यायची संधी मिळावी म्हणून 'जन्मापूर्वीचं दत्तक'. इथे भाषा बदलते. हेतू कौतुकास्पद आहे, असं आधी म्हटलंय. आणि मग, पण वर सांगितलेल्यांसारख्याच अडचणी इथेही आहेत. पुढे निष्कर्ष असा की ही अन्यायाची स्थिती आहे आणि ती प्रत्यक्षात सोडवता येण्यासारखी नाही.

तुमच्या पॅरिशच्या फादरांनी तिसरा पर्याय वाचला. तुमच्या मामांनी चौथा. झालं एवढंच.

थंडपाणी | १७ ऑगस्ट, दुपारी १२:१५

'सोडवता येण्यासारखी नाही'. आवडलं. सरकारी खात्यांनी हे वाक्य उचलायला हवं.

कीर्तनकाराचा_नातू | १७ ऑगस्ट, दुपारी १:३०

विषयांतर वाटेल, पण आपल्याकडे हे आधीच झालंय. देवकीचा सातवा गर्भ योगमायेनं काढून रोहिणीच्या उदरात ठेवला. ओढून नेला म्हणून संकर्षण, तोच बलराम. आजोबा हे आख्यान लावायचे तेव्हा रोहिणीला गोकुळातल्या बायका काय काय विचारत असतील, याची नक्कल करायचे. लोक हसून लोळायचे. रोहिणीला कुणी सरोगेट म्हटलं नाही. बलरामाची आई म्हणजे रोहिणीच.

मंगळवारची_रजा | १७ ऑगस्ट, दुपारी १:५२

गांधारीचे शंभर घडे यायच्या आत बलराम आला, प्रगती आहे. 😄

पण नातूभाऊ, त्या आख्यानात रोहिणीला विचारलं होतं का कुणी? देवकीला? रात्रीत गर्भ इकडचा तिकडे झाला आणि दोघी सकाळी उठल्या. इथे ताई निदान स्वतः विचारतेय की मी हे करू का. मला तर याच मुद्द्यावर लिहायचंय: वर एवढे कार्डिनल आणि पोप आले, गर्भाशय ज्यांचं त्या बायका कुठायत?

झगा_न_चढलेला | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एक विरोधात आहेत. मेरी गीच या ब्रिटिश तत्त्वज्ञ. त्यांचं म्हणणं साधारण असं: गरोदर राहणं म्हणजे रिकामी खोली भाड्यानं देणं नव्हे. बाई गरोदर होते तेव्हा तिचं अख्खं शरीर आई होतं, आणि हे शरीर तिनं लग्नात एकाच माणसाला दिलेलं असतं.

विरोधकांचा गाभाच हा आहे. नवराबायकोनं एकमेकांमुळेच आईबाप व्हावं, असं १९८७ च्या दस्तऐवजात जवळजवळ याच शब्दांत आहे. बायको नवऱ्यामुळे नाही तर डॉक्टरच्या नळीमुळे गरोदर झाली, पोटात तिसऱ्याच जोडप्याचं मूल, तर लग्नातली एक वाट बाहेरून उघडली गेली. व्यभिचार नव्हे, कुणी तसं म्हणत नाही. पण लग्नाची एकी तिथे मोडते, असं ते म्हणतात. न्यूयॉर्कचे मॉन्सिन्योर विल्यम स्मिथ यांनी १९९५ पासून हे मांडलं. ऑस्ट्रेलियाचे निकोलस टोंटी-फिलिपिनी त्याच बाजूचे. फादर पाचोल्चिक पण. (हे येलमधून मेंदूशास्त्रात डॉक्टरेट केलेले, त्यामुळे विज्ञान कळत नाही असा आरोप त्यांच्यावर करता येत नाही.)

दुसरी बाजू जर्मेन ग्रिसे आणि विल्यम मे या अमेरिकन कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांची. ते म्हणतात, मूल जन्माला घालण्याची क्रिया तर केव्हाच होऊन गेली. चुकीची झाली, प्रयोगशाळेतल्या बशीत झाली, पण झाली. माणूस अस्तित्वात आलाय. आता उरलंय ते त्याला जगवणं. बाई गर्भाला रक्त पुरवते ते दाईनं परक्या लेकराला अंगावर पाजल्यासारखं. त्याला कुणी लग्नाशी प्रतारणा म्हणतं का?

आता या भांडणातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. एका बाजूला आधुनिक मंडळी आणि दुसऱ्या बाजूला जुन्या वळणाची, असा हा मामला नाही. ग्रिसे आणि मे यांनी आयुष्यभर संततिनियमनाविरुद्धच्या शिकवणीची पाठराखण केली. स्मिथ यांनीही तेच. दोन्हीकडे कर्मठच. भ्रूण हा पूर्ण माणूस आहे यावर दोघांचं एकमत, आयव्हीएफ चूक यावर एकमत. भांडण एकाच प्रश्नावर अडलंय: गर्भारपण हे मूल 'होण्याचा' भाग, की मूल 'वाढवण्याचा'?

मंगळवारची_रजा | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४८

हे उत्तर मी विकतचं मागितलं नव्हतं पण पैसे वसूल. दोनदा गरोदर राहिलेय. मला विचाराल तर दोन्हीचा भाग. पहिल्या तीन महिन्यांत होण्याचा, नंतर वाढवण्याचा. आणि नववा महिना नुसता सोसण्याचा.

डॉ_नायट्रोजन | १७ ऑगस्ट, रात्री ९:३०

भ्रूणशास्त्रज्ञ आहे, मुंबईत एका लॅबमध्ये. धर्मावर बोलणार नाही, टाकीवर बोलतो.

उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. त्यात काळ थांबतो म्हणतात ते अक्षरशः खरं, तीन वर्षं काय नि तीस काय. धोका ठेवण्यात नसतो, गोठवताना आणि वितळवताना असतो. नव्वदच्या दशकात हळूहळू गोठवायचे, पेशींत बर्फाचे स्फटिक व्हायचे. आता क्षणात काचेसारखं करतात, त्यामुळे चांगल्या लॅबमध्ये बहुतेक भ्रूण वाचतात. जुन्यांचं तसं नाही. ताईंनी सांगितलेल्या बातमीतच बघा: तीन वितळवले, एकाची वाढ थांबली, दोन सोडले, एक मूल झालं.

'उरलेले' हा शब्दही जपून वापरा. अमेरिकेत २००३ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. जवळपास चार लाख भ्रूण गोठलेले निघाले. सगळे टाकून दिलेले आहेत असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात ८८ टक्के त्याच जोडप्यांनी पुढच्या उपचारांसाठी राखलेले होते. दुसऱ्या जोडप्यांना द्यायचे म्हणून ठेवलेले फक्त २.३ टक्के. संशोधनाला २.८. म्हणजे दत्तक द्यायला रांगेत लाखो भ्रूण उभे आहेत, हे चित्र खरं नाही.

बाकी आपल्याकडे हा प्रश्नच कायद्यानं मिटवलाय. २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा, जानेवारी २०२२ पासून लागू. भ्रूण दहा वर्षंच ठेवता येतो. मग जोडप्याच्या संमतीनं संशोधन संस्थेला, नाहीतर नष्ट. विकायला बंदी, आणि दुसऱ्याला द्यायलाही बंदी. स्वतःचा भ्रूण स्वतःसाठी हलवायचा तरी राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते.

थंडपाणी | १७ ऑगस्ट, रात्री ९:४१

म्हणजे आपल्या संसदेनं ब्रिटनचं १९९६ उचललं, पाचाऐवजी दहा केले.

डॉ_नायट्रोजन | १७ ऑगस्ट, रात्री ९:५०

साधारण तसंच. आमच्याकडे मुदत जवळ आली की पत्र जातं, मग फोन. बरेच जण फोन उचलत नाहीत. उचलतात ते रडतात किंवा चिडतात. यासाठी कुणी प्रशिक्षण दिलेलं नसतं.

निळा_डबा | १८ ऑगस्ट, पहाटे १:१५

रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझे तीन आहेत, पुण्यात. मुलगा पाच वर्षांचा झाला, त्याच खेपेतले. दुसरं नको असं ठरलं, तब्येतीमुळे. मी धार्मिक वगैरे नाही. संकष्टीसुद्धा विसरते. पण दरवर्षी क्लिनिकचा मेसेज येतो आणि मी पैसे भरते. नवरा म्हणतो, कशाला? मला सांगता येत नाही. मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोकडे बघते तेव्हा डोक्यात येतं, त्या दिवशी डॉक्टरांनी यालाच उचललं, त्या तिघांतला एखादा उचलला असता तर?

त्यांना माणूस म्हणायला मी तयार नाही. कचरा म्हणायलाही नाही. तुमच्या धर्मात माझ्यासारखीला काय सांगतात?

नंदाखालची_लेक | १८ ऑगस्ट, सकाळी ६:३०

तुमची पोस्ट वाचून मी फादरमामांना परत फोन केला. ते रोझरी आटोपून बसले होते. वाचून दाखवली. ते म्हणाले, त्या मुलीला सांग, पैसे भरतेस ते बरोबरच करतेस. आणि तब्येत साथ देत असती तर स्वतःचे भ्रूण स्वतःच्या पोटात घेण्याला बहुतेक सगळे धर्मपंडित हो म्हणतात, अगदी दत्तकाला विरोध करणारेही. गोठवलं ही चूक, पण आई तीच आणि बाप तोच, तेव्हा मुलं घरी आणायची. एवढं बोलून त्यांनी विचारलं, "जेवली का ती?" मी म्हटलं, मामा, ती पुण्यात आहे, मी कुठे बघतेय.

झगा_न_चढलेला | १८ ऑगस्ट, सकाळी ९:१०

मामांचं बरोबर आहे. निळा_डबा ताई, तुमच्या प्रश्नावर आणखी एक मत आहे, तेही सांगायला हवं. काही कॅथलिक अभ्यासक म्हणतात, गोठवून ठेवणं हाच अनैसर्गिक उपाय आहे, कृत्रिम श्वासयंत्रासारखा. यंत्र काढणं म्हणजे मारणं नव्हे. तसं भ्रूण वितळू द्यावेत आणि सन्मानानं जाऊ द्यावेत. त्यावर दुसरे म्हणतात, व्हेंटिलेटरवरचा रोगी मरणाकडे चाललेला असतो, हा जगण्याकडे चालला होता, आपणच अडवलाय. मला दुसरं पटतं. पण तुम्हाला ओझं द्यायचं म्हणून लिहिलं नाही.

रविवारचा_पेपर | १८ ऑगस्ट, सकाळी १०:०५

सगळ्यांनी एवढं हळवं व्हायचं कारण नाही. अमेरिकेत 'भ्रूण दत्तक' हा शब्दच राजकीय आहे. कॅलिफोर्नियातल्या प्रोटेस्टंट मंडळींनी १९९७ मध्ये 'स्नोफ्लेक्स' नावानं हा कार्यक्रम काढला, पहिलं मूल १९९८ च्या शेवटच्या दिवशी जन्मलं. मग २००६ च्या जुलैत बुशसाहेबांनी मूलपेशी संशोधनाचं विधेयक नाकारलं तेव्हा अशी मुलं कडेवर घेतलेले आईबाप मागे उभे केले होते. तिथल्या बहुतेक राज्यांत कायद्यानं ही देवघेव करारानंच होते, दत्तक म्हणून कोर्टात जात नाही. जॉर्जियानं २००९ मध्ये तशी सोय केली एवढंच. दत्तक म्हटलं की भ्रूण आपोआप मूल ठरतो, खेळ तो आहे. अलाबामाच्या कोर्टानं २०२४ च्या फेब्रुवारीत गोठलेले भ्रूण मुलंच आहेत असं म्हटलं आणि तिथली आयव्हीएफ केंद्रं आठवड्यात बंद पडायला लागली. मग विधिमंडळानं घाईघाईनं केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला.

नंदाखालची_लेक | १८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

राजकारण आहेच. पण एक फरक लक्षात घ्या. इकडच्या प्रोटेस्टंट मंडळींना हे अवघड जातच नाही. सदर्न बाप्टिस्ट या त्यांच्या पंथाच्या अधिवेशनानं २०२४ मध्ये आयव्हीएफबद्दल कडक ठराव केला आणि त्याच ठरावात भ्रूण दत्तक घेणाऱ्यांचं कौतुक केलं. संपला विषय. आमच्याकडे शरीर आणि लग्न यांचा जो हिशेब आहे तो त्यांच्याकडे तसा नाही. कधी कधी हेवा वाटतो त्यांचा.

अमेरिकन बिशपांच्या मंडळानं २००८ च्या दस्तऐवजाबरोबर जी प्रश्नोत्तरं काढली त्यांतही म्हटलंय की या विषयावर सावधगिरीचे इशारे आहेत, पण शेवटचा निवाडा केलेला नाही. म्हणजे मी हो म्हटलं तर कुणी मला ख्रिस्तप्रसाद नाकारणार नाही. मला भीती त्याची नाही.

खरं सांगू? फादरांनी मला एकच प्रश्न विचारला होता आणि मी तो पहिल्या पोस्टमध्ये लिहिलाच नाही. त्यांनी विचारलं, उद्या नैसर्गिकपणे दिवस गेले तर हा भ्रूण तरीही आणशील का? मी गप्प बसले. तिसरा पर्याय की चौथा, हे कागदावर ठरत नाही ना. ते माझ्या पोटात ठरायचं. मला मूल हवंय. नऊ वर्षं हवंय. त्याला वाचवायला निघाले असं म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटतो.

आणि मग एका संस्थेचा फॉर्म भरायला घेतला. कुठल्या वंशाचा भ्रूण चालेल, दात्यांच्या घरात कुठले आजार असले तर चालतील, पुढे त्यांच्याशी संपर्क किती ठेवणार. मी रकान्यांत खुणा करत होते आणि मनात आलं, वसईच्या बाजारात मी पापलेट अशीच निवडते. बंद केलं.

मंगळवारची_रजा | १८ ऑगस्ट, दुपारी १२:०२

अगं, जन्मलेलं मूल दत्तक घेतानाही फॉर्म असतातच. आणि तिथे कुणी विचारतं का, मूल हवंय म्हणून घेताय की अनाथाचं भलं करायला? दोन्ही असतं. पोर घरात आलं की कोण कशासाठी आलं होतं हे महिनाभरात विसरतात.

झगा_न_चढलेला | १८ ऑगस्ट, दुपारी ३:४५

रजाताईंचं म्हणणं मला नुसतं व्यवहारी वाटत नाही, धर्मशास्त्रातही बसतं. नेहमीच्या दत्तकाला ख्रिस्तसभा मनापासून आशीर्वाद देते, आणि ते करणारी बहुतेक जोडपी निपुत्रिक असतात. त्यांच्या हेतूत भेसळ आहे म्हणून कुणी त्यांना परत पाठवत नाही. संत जोसेफ तर पाळक पिताच.

पण तुमच्या फादरांचा प्रश्न टाळता येणार नाही हेही खरं. कारण इथे मागणी वाढली की पुरवठा वाढायची भीती आहे. आज क्लिनिकं म्हणतील, उरू द्या, घ्यायला कॅथलिक जोडपी आहेतच. विरोधकांचा हा मुद्दा मला लग्नाच्या मुद्द्यापेक्षा वजनदार वाटतो. जर्मनीत १९९१ पासून कायदा आहे की एका खेपेत बाईच्या शरीरात सोडायचे तेवढ्यांहून जास्त भ्रूण करायचेच नाहीत. तिथे टाक्या तितक्या भरत नाहीत. इटलीनंही २००४ मध्ये तसं केलं होतं, तीनपेक्षा जास्त नाही, गोठवणं जवळपास बंद. २००९ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयानं ते बरंचसं मोडीत काढलं. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसायचं का, हा प्रश्न आहे.

थंडपाणी | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

आता माझी पंचाईत झालीय. तुमची गृहीतकं मला मान्य नाहीत, पण ती मान्य केली तर मी ताईंच्या बाजूनं आहे. फरशीवर मूल पडलं असेल तर नळ बंद व्हायची वाट बघत नाही कुणी.

नंदाखालची_लेक | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

काल रात्री नवऱ्याबरोबर पूर्ण धागा वाचला. बलरामावर तो बराच वेळ अडकून होता.

मग फादरमामांशी तिघांनी मिळून बोललो. मी त्यांना फॉर्मचं आणि पापलेटचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, मग न निवडता ये. मी विचारलं म्हणजे काय. म्हणाले, कुणी उचलत नाही असे असतील ना? असतात. जुन्या पद्धतीनं गोठवलेले, कमी दर्जा लिहिलेले, आईबापांच्या आजाराची नोंद असलेले. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे, बातमीतलं बाळ त्यातूनच आलं. मामा म्हणाले, "त्यातला दिला तर घेशील का? एकही जगला नाही तरी चालेल असं म्हणून? याचं उत्तर हो आलं तर फादरांच्या प्रश्नाचंही उत्तर आलं. नाही आलं तर त्यातही काही पाप नाही, बाहेर जन्मलेली पुष्कळ पोरं वाट बघतायत."

नवरा हो म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही. 'नाही' असंही म्हटलेलं नाही. डॉक्टर, असे भ्रूण घेतले तर खरंच काय होतं, ते सरळ सांगाल का?

डॉ_नायट्रोजन | १९ ऑगस्ट, सकाळी ९:२०

सरळच सांगतो. वितळवतानाच काही जातील. उरतील त्यातले काही वाढणार नाहीत. रुजला तरी पहिल्या काही आठवड्यांत पडू शकतो. एकेका टप्प्याला फोन येईल आणि प्रत्येक वेळी आकडा कमी झालेला असेल. बहुतेक जोडपी त्या फोनना 'रिझल्ट' म्हणतात. तुम्ही ज्या विश्वासानं जाताय, त्यात तुमच्यासाठी तो प्रत्येक फोन मयताचा असेल. त्याची तयारी करून जा. लॅबमधला माणूस तो फोन यांत्रिक आवाजात करील, त्याला माफ करा.

नंदाखालची_लेक | १९ ऑगस्ट, सकाळी ९:४०

धन्यवाद. हे आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना नावं द्यायची का, हा माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न.

निळा_डबा | १९ ऑगस्ट, रात्री ११:५५

ताई, मी दिवसभर विचार करत होते की माझे तुम्हाला देता आले असते तर. मग डॉक्टरांनी लिहिलेला कायदा परत वाचला. देता येत नाहीत. तुम्ही ओहायोत अनोळखी माणसांचे शोधणार आणि माझे इथे.

नंदाखालची_लेक | २० ऑगस्ट, सकाळी ६:१५

मलाही तेच डोक्यात आलं होतं, लिहायचा धीर झाला नाही. तुमची मुदत कधीची आहे?

निळा_डबा | २० ऑगस्ट, सकाळी १०:३०

क्लिनिकच्या कागदावर मार्च २०२९ लिहिलंय. यंदाचे पैसे काल भरले.